४८ तासांची मुदत : युरोपीय शिष्टाईवर वाचकांचे प्रश्न

दोन देशांतलं भांडण युद्धापर्यंत जाऊ नये म्हणून युरोपात नेमकं काय केलं जातं, कोण करतं आणि ते कधी फसतं, याबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न (पुणे) : सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यात गाड्यांच्या नंबरप्लेटवरून लढाऊ विमानं उडण्यापर्यंत वेळ आली होती, असं वाचलं. खरंच नंबरप्लेटवरून? आणि मिटलं कसं?

एमएच १२ म्हटलं की पुणे, एमएच ०९ म्हटलं की कोल्हापूर. पाटीवरची अक्षरं म्हणजे ही गाडी कोणाच्या हुकमतीखाली नोंदली आहे याची कबुली असते. कोसोव्होतलं भांडण त्या कबुलीवरूनच होतं.

कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ रोजी सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. सर्बियाने ते मानलं नाही. भारतानेही मानलेलं नाही, आणि युरोपीय संघातल्याच स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया व स्लोव्हाकिया या पाच देशांनीही नाही. कोसोव्होच्या उत्तरेकडच्या चार नगरपालिकांत सर्ब बहुसंख्य आहेत. तिथल्या हजारो गाड्यांवर सर्बियाने दिलेली ‘केएम’, म्हणजे कोसोव्स्का मित्रोव्हित्सा, अशी अक्षरं होती. राजधानी प्रिश्टिनातल्या सरकारला त्या पाटीवर ‘हा मुलूख अजून सर्बियाचाच’ असं लिहिलेलं दिसे. उलट कोसोव्होची ‘आरकेएस’, म्हणजे कोसोव्हो प्रजासत्ताक, ही पाटी सर्बियाला चालत नसे. तशी गाडी सर्बियात शिरायची तर पाटी काढून तात्पुरती पाटी लावावी लागे. मधला मार्ग म्हणून ‘केएस’ अशी तटस्थ पाटी होती. तिच्याबद्दलच्या समझोत्याची मुदत सप्टेंबर २०२१ मध्ये संपली. २० सप्टेंबरपासून कोसोव्होनेही जशास तसं म्हणून सर्बियन गाड्यांना तात्पुरती पाटी सक्तीची केली आणि यारिन्ये व ब्रन्याक या दोन नाक्यांवर विशेष पोलीस पाठवले. स्थानिक सर्बांनी रस्त्यात ट्रक आडवे घातले. सर्बियाची लढाऊ विमानं आणि हेलिकॉप्टरं सीमेजवळ घिरट्या घालू लागली.

युरोपीय संघाचे विशेष प्रतिनिधी मिरोस्लाव लायचाक यांनी ३० सप्टेंबरला ब्रसेल्समध्ये जो समझोता घडवला तो जेमतेम अर्ध्या पानाचा आहे, पण या विषयाच्या अभ्यासकाने तो ओळ न् ओळ वाचावा. त्यात पाटी कोणाची खरी, हे ठरवलेलंच नाही. ठरवलं ते एवढंच : २ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ८ वाजता विशेष पोलीस आणि आडवे लावलेले ट्रक एकाच वेळी हलायला लागतील, दुपारी ४ पर्यंत दोन्ही पूर्ण निघालेले असतील, त्याआधी नाटोचं शांतिदल केफोर तिथे येऊन उभं राहील आणि साधारण दोन आठवडे थांबेल, ४ ऑक्टोबरला सकाळी ८ पासून दोन्ही बाजूंच्या गाड्यांवरची राजचिन्हं आणि देशाची अक्षरं स्टिकरने झाकली जातील, आणि कायमचा तोडगा सहा महिन्यांत एक कार्यगट शोधेल.

इथे सगळी करामत क्रमाची आहे. आधी पोलीस मागे गेले असते तर कोसोव्होचे पंतप्रधान कुर्ती यांचं सरकार घरी तोंड दाखवू शकलं नसतं. आधी ट्रक हलले असते तर सर्बांना वाटलं असतं, आपण फसलो. म्हणून ‘एकाच वेळी’ हा शब्द, आणि तो नुसता शब्द राहू नये म्हणून घड्याळातली वेळ. मधली जागा रिकामी राहिली तर कोणीतरी एक घुसतो, म्हणून केफोर आधी. हीच रीत १९६१च्या ऑक्टोबरात बर्लिनमध्ये चेकपॉइंट चार्लीवर दिसली होती. अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर सुमारे सोळा तास उभे होते. पडद्याआडून निरोप गेल्यावर एक सोव्हिएत रणगाडा काही मीटर मागे सरकला, मग एक अमेरिकन, मग पुन्हा सोव्हिएत. गोळी सुटली नाही.

स्टिकरने वेळ मिळाला, पण तो वाया गेला. कार्यगटाचे सहा महिने निर्णयाविना संपले आणि २०२२ मध्ये तेच दुखणं वाढून पुन्हा वर आलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उत्तरेतल्या सर्ब पोलिसांनी, न्यायाधीशांनी, नगराध्यक्षांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. सर्बियन पाटी न बदलणाऱ्यांना १५० युरो दंड २२ नोव्हेंबरच्या सकाळपासून लागायचा होता. २१ तारखेला ब्रसेल्समध्ये सर्बियाचे अध्यक्ष वुचिच आणि कुर्ती यांच्याशी आठेक तास चाललेली बोलणी फिसकटली. त्या रात्री अमेरिकेने मागणी केली फक्त ४८ तासांची, आणि कुर्तींनी ती मान्य केली. २३ तारखेच्या रात्री तोडगा निघाला : सर्बियाने कोसोव्होतल्या शहरांच्या नावाच्या नव्या पाट्या द्यायच्या नाहीत, कोसोव्होने पाट्या बदलण्याची कारवाई थांबवायची.

यानंतर शांतता नांदली असं नाही. त्याच डिसेंबरात पुन्हा अडथळे उभे राहिले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बान्स्का गावी सशस्त्र टोळीच्या हल्ल्यात कोसोव्होचा एक पोलीस मारला गेला. पण पाटीचा प्रश्न तेवढा सुटला. जानेवारी २०२४ पासून दोन्ही बाजूंनी स्टिकर काढून टाकले आणि गाड्या आपापल्या मूळ पाटीने जाऊ लागल्या.

प्रश्न (सातारा) : आमच्या भागात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या स्मृतिशिला गावोगाव आहेत. एका राजपुत्राच्या खुनावरून इतकं सगळं झालं, तर १९१४ मध्ये समेट घडवणारे राजदूत काय करत होते?

राजदूत होते, आणि चांगले होते. त्यांच्याकडे नव्हता तो वेळ, आणि तो मुद्दाम ठेवला नव्हता.

ऑस्ट्रियाच्या युवराजाचा सारायेव्होतला खून २८ जूनचा. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला २३ जुलैला, संध्याकाळी ६ वाजता. तो दिवस निवडण्यामागे हिशेब होता. फ्रान्सचे अध्यक्ष पॉइंकारे आणि पंतप्रधान विव्हियानी रशियाच्या भेटीवर होते. ते त्या संध्याकाळी सेंट पीटर्सबर्गहून बोटीत बसले, म्हणजे पुढचे काही दिवस समुद्रावर. दोन मित्रराष्ट्रांना एकत्र बसून विचार करता येऊ नये, ही त्यातली योजना. खलित्यात दहा मागण्या, उत्तराला ४८ तास. सर्बियाचे पंतप्रधान पाशिच तेव्हा निवडणूक प्रचाराला बेलग्रेडबाहेर होते. खलिता अर्थमंत्री पाचूंनी घेतला.

रशियाने मुदत वाढवून मागितली. व्हिएन्नातला रशियन प्रतिनिधी ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ट यांना भेटायला गेला तर ते सम्राटाकडे इश्लला जायला आगगाडीत बसलेले. त्याने गाडीच्या वाटेवर तार केली. उत्तर आलं : मुदतवाढ नाही. बेलग्रेडमध्ये दुसरीकडे उत्तराचा मसुदा शेवटच्या घटकेपर्यंत खोडला आणि लिहिला जात होता, टंकयंत्र बिघडलं म्हणून प्रत हाताने उतरवावी लागली. पाशिच स्वतः ती घेऊन सहाच्या ठोक्याला ऑस्ट्रियन वकिलातीत पोहोचले. जवळपास सगळ्या मागण्या कमी-अधिक मान्य केल्या होत्या; सर्बियाच्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी बसवायला मात्र नकार दिला होता. राजदूत गिझल यांचं सामान आधीच बांधलेलं होतं. साडेसहाच्या गाडीने ते निघूनही गेले.

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी २६ जुलैला सुचवलं की ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली या चार देशांच्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये बसावं. ही कल्पना हवेतली नव्हती. याच ग्रे यांनी डिसेंबर १९१२ पासून लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरवून बाल्कन युद्धांचा भडका मोठ्या सत्तांपर्यंत येऊ दिला नव्हता. तेव्हा जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरलं होतं. १९१४ मध्ये जर्मनीने उलट पाठिंबा आधीच देऊन टाकला होता, आणि परिषदेला नकार दिला. मध्यस्थ तोच आणि रीतही तीच होती, पण पाठीराख्याने मित्राला आवरायचं सोडल्यावर दोन्हींचा उपयोग उरला नाही. आम्हांला जुलै १९१४चा हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर लष्करी वेळापत्रकांनी ताबा घेतला. २८ जुलैला सकाळी जर्मनीचा सम्राट कैसर याने सर्बियाचं उत्तर वाचलं, युद्धाचं कारणच उरलं नाही असा शेरा मारला आणि ऑस्ट्रियाने फक्त बेलग्रेड घेऊन थांबावं असं सुचवलं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं होतं. ३० तारखेला रशियाने सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला. ३१ला जर्मनीने रशियाला ती थांबवायला मुदत दिली ती १२ तासांची. १ ऑगस्टला कैसरने सरसेनापती मोल्टके यांना विचारलं की फक्त पूर्वेकडे फौज नेता येईल का. उत्तर मिळालं की लाखोंच्या फौजेचा रेल्वेचा आराखडा ऐनवेळी फिरवता येत नाही.

तुमच्याकडच्या शिळांचा धागा इथून सुरू होतो. ब्रिटनने ४ ऑगस्टला युद्ध पुकारलं तेव्हा हिंदुस्थान आपोआप त्यात ओढला गेला. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमारीपर्यंत लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली.

प्रश्न (ठाणे) : शेजारच्या देशाने सीमेवर रणगाडे आणले तर तो सराव आहे की हल्ल्याची तयारी, हे ओळखायचं कसं? युरोपात यासाठी करार आहे म्हणतात. मग युक्रेनमध्ये तो कुठे गेला?

करार आहे. त्याचं नाव व्हिएन्ना दस्तऐवज, सध्याचा मसुदा २०११चा. १९७५च्या हेलसिंकी करारातून जी परंपरा निघाली, तिच्यातूनच ५७ देशांची युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटना उभी राहिली, आणि हा दस्तऐवज त्या संघटनेचा.

त्याची कलमं हिशेबाच्या वहीसारखी आहेत. सरावात ९,००० सैनिक किंवा २५० रणगाडे असतील तर किमान ४२ दिवस आधी सर्वांना लेखी कळवायचं : कुठे, कधी, कोणत्या तुकड्या, कशासाठी. सैनिक १३,००० किंवा रणगाडे ३०० झाले की इतर देशांचे निरीक्षक बोलवायचे. शिवाय कोणताही देश दुसऱ्याच्या भूमीवर थोड्या तासांच्या सूचनेने तपासणी पथक पाठवू शकतो. एका देशाला वर्षाला अशा तीन तपासण्या स्वीकाराव्या लागतात. आणि न कळवलेली, नेहमीच्या तळांबाहेरची हालचाल दिसली तर थेट खुलासा मागता येतो. खुलाशाला मुदत, पुन्हा, ४८ तास. समाधान झालं नाही तर लगेच बैठक मागता येते.

यात पळवाटा तीन. पहिली, आकडा मर्यादेच्या जरा खाली सांगणं : झापाद २०१७ या सरावासाठी रशिया आणि बेलारूसने १२,७०० सैनिक जाहीर केले, म्हणजे निरीक्षकांची सक्ती टळली. दुसरी, एक मोठा सराव वेगवेगळ्या नावांच्या छोट्या सरावांत फोडणं. तिसरी सगळ्यांत घातक. सैनिकांनाही आधी न सांगता घेतलेल्या अचानक सरावाला ४२ दिवसांची अट लागू नाही. तुकड्यांची तयारी तपासायला ही सवलत ठेवली होती, पण तिच्या आडून हवी तेवढी फौज हलवता येते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने खुलाशाचं कलम वापरलं. ४८ तास उलटले, रशियाने उत्तर दिलं नाही; १३ फेब्रुवारीला युक्रेनचे परराष्ट्रमंत्री कुलेबा यांनी तसं जाहीर करून बैठक मागितली. बेलारूसमधला संयुक्त सराव २० तारखेला संपायचा होता. तो त्या दिवशी वाढवण्यात आला. २४ला आक्रमण झालं. भारतीय वैद्यकीय विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्रातली मुलंही, तळघरांतून सीमेपर्यंत चालत आली आणि ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे २२,५०० भारतीय परतले, ते याच आठवड्यांत.

मग हा करार निकामी का? आमचं मत नाही असं आहे. हा दस्तऐवज गैरसमजातून होणारं युद्ध टाळण्यासाठी आहे. ज्याने ठरवलंच आहे त्याला तो अडवू शकत नाही. पण आलेला नकार हीसुद्धा माहिती असते. न आलेलं उत्तर हा धोक्याचा सर्वांत स्पष्ट इशारा होता, आणि तो ऐकूनही अनेक युरोपीय राजधान्या शेवटपर्यंत ‘असं होणार नाही’ म्हणत राहिल्या. ही चूक कागदाची नव्हती.

प्रश्न (नागपूर, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी) : ‘राजदूताला पाचारण केलं’, ‘अवांछित व्यक्ती’, ‘संबंध तोडले’ यांची चढती पायरी नेमकी कशी?

कायद्यात अशी पक्की शिडी लिहिलेली नाही. प्रथेने आली आहे. साधारण क्रम असा धरा. सर्वांत आधी परराष्ट्र खात्यातला अधिकारी दूतावासातल्या समपदस्थाला बोलावून तोंडी नापसंती कळवतो. मग लेखी खलिता. मग राजदूताला खात्यात पाचारण करणं, आणि त्याची बातमी देणं किंवा न देणं. बातमी न देणं ही सवलत असते. पुढची पायरी म्हणजे आपल्या राजदूताला ‘सल्लामसलतीसाठी’ मायदेशी बोलावणं. त्यापुढे समोरच्याच्या काही अधिकाऱ्यांना अवांछित ठरवणं, म्हणजे देश सोडायला लावणं, मग राजदूताशिवाय प्रभारी दूतावर कारभार ठेवणं, आणि शेवटी संबंध तोडणं.

राजनैतिक संबंधांविषयीचा १९६१चा व्हिएन्ना करार परीक्षेसाठी तीन कलमांपुरता तरी पाठ हवा. कलम ९ : यजमान देश कारण न देता कोणत्याही परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याला अवांछित ठरवू शकतो. कलम २२ : दूतावासाच्या आवारात परवानगीशिवाय यजमान पोलीसही जाऊ शकत नाहीत. कलम ४५ : संबंध तुटले तरी आपल्या नागरिकांचं आणि इमारतीचं हित तिसऱ्या देशाकडे सोपवता येतं. स्वित्झर्लंड १९८० पासून इराणमध्ये अमेरिकेचं हे काम पाहतो आहे. दार बंद झालं तरी निरोपाला खिडकी राहावी, हा त्या कलमाचा हेतू.

हकालपट्टीत आकडा फार जपून निवडतात. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत माजी रशियन हेर स्क्रिपाल यांच्यावर विषप्रयोग झाल्यावर ब्रिटनने २३ रशियन अधिकारी काढले; रशियाने २३ ब्रिटिश काढले, वर ब्रिटनची सेंट पीटर्सबर्गमधली वाणिज्य वकिलात बंद केली. त्यानंतर वीसहून अधिक देशांनी मिळून शंभराहून जास्त रशियन अधिकारी घालवले. तितक्यास तितके, हा नियम पाळला की दोन्हीकडची सरकारं थांबू शकतात. कोणी एकाने दुप्पट केलं की दुसऱ्यालाही चढावं लागतं. आणि एक तोटा क्वचितच बोलला जातो. हाकललेल्यांत बहुधा भाषा येणारी, माणसं ओळखणारी मंडळी असतात. पुढचा पेच आला की फोन कोणाला करायचा, हेच कोणाला माहीत नसतं.

प्रश्न (पणजी) : क्रेमलिन आणि व्हाइट हाउसमधला तो लाल टेलिफोन खरा का?

टेलिफोन नव्हता. ऑक्टोबर १९६२च्या क्युबा संकटात ख्रुश्चेव्ह यांचं लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण हाती यायला कित्येक तास लागले. सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्याकडे तर सांकेतिक तार करून ती तारघराचा पोऱ्या सायकलवरून घेऊन जाई. जग अणुयुद्धाच्या तोंडावर आणि निरोप सायकलवर! म्हणून २० जून १९६३ला जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला लाइन सुरू झाली. ती टेलिप्रिंटरची होती आणि तिची तार लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशी युरोपातून मॉस्कोला जाई. आवाजापेक्षा लेखी मजकूर मुद्दाम निवडला होता : बोलताना आवाज चढतो, दुभाषा चुकतो, लिहिलेलं दोनदा वाचता येतं. १९६७च्या जूनमध्ये, अरब-इस्रायल युद्धात, ती पहिल्यांदा संकटात वापरली गेली.

अशाच पण साध्या लाइनचं आजचं चांगलं उदाहरण जॉर्जियात आहे. रशियाशी झालेल्या ऑगस्ट २००८च्या युद्धानंतर १ ऑक्टोबरपासून युरोपीय संघाचे दोनशेहून अधिक निःशस्त्र निरीक्षक तिथे आहेत. दक्षिण ओसेशिया आणि अबखाझिया या जॉर्जियापासून फुटलेल्या प्रदेशांच्या सीमारेषेवर चोवीस तास चालणारी हॉटलाइन ते सांभाळतात. तिच्यावर येणारे विषय म्हणजे रेषेपलीकडे गेलेली गुरं, पकडलेला शेतकरी, अडलेलं पाटाचं पाणी, पलीकडच्या दवाखान्यात न्यायचा रुग्ण. एका गायीवरून उद्या बंदुका निघू नयेत म्हणून आज रात्री कोणीतरी फोन उचलतो. आमच्या मते युरोपीय शिष्टाईचं सगळ्यांत मोलाचं आणि सगळ्यांत कमी छापून येणारं काम हेच.

प्रश्न (कोल्हापूर) : युरोपीय संघात २७ देश आणि परराष्ट्र धोरणात प्रत्येकाला नकाराधिकार. मग निर्णय होतो तरी कसा?

हळू होतो, हे खरं. परराष्ट्र धोरणात एकमत लागतं. पण युरोपीय संघाच्या मूळ कराराच्या कलम ३१ मध्ये एक सोय आहे : एखादा देश औपचारिक निवेदन देऊन अलिप्त राहू शकतो, निर्णय त्याच्यावर बंधनकारक राहत नाही, पण तो इतरांना अडवतही नाही. शिवाय गैरहजेरी म्हणजे विरोध नव्हे. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा ठराव आला तेव्हा हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी तो संमत केला. अशी वाट आधी ठरवून ठेवावी लागते. आयत्या वेळी सुचत नाही.

निर्बंधांची अडचण वेगळी. रशियावरचे आर्थिक निर्बंध सहा-सहा महिन्यांच्या मुदतीचे आहेत आणि दर वेळी एकमताने वाढवावे लागत आले. त्यामुळे जानेवारी आणि जुलै आला की एखादा देश भाव वाढवून घेतो. मात्र याच अल्प मुदतीमुळे समोरच्याला ‘वागणूक बदला, ते आपोआप संपतील’ असं सांगता येतं. कायमच्या निर्बंधांनी तेवढं बोलणंही संपतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : भारत आणि पाकिस्तानात यातलं काही आहे का?

आहे, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. ३१ डिसेंबर १९८८च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, हल्ला न करण्यासाठी. पहिली देवाणघेवाण १९९२ची. कारगिलनंतर, संसदेवरच्या हल्ल्यानंतर, पुलवामानंतरही ती चुकली नाही. एप्रिल १९९१च्या दोन करारांत मोठ्या सरावांची आगाऊ सूचना आणि लढाऊ विमानांनी सीमेपासून १० किलोमीटर दूर राहणं आलं. दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांची हॉटलाइन आहे. १० मे २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानकडून फोन आला आणि ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं.

ऑक्टोबर २००५चा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीचा : तीन दिवस आधी कळवायचं, सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत डागायचं नाही, आणि ते पडण्याची जागा ७५ किलोमीटरच्या आत नको. यात क्रूझ क्षेपणास्त्रं नाहीत. ९ मार्च २०२२ रोजी भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात जीवितहानी झाली नाही, भारताने चूक मान्य केली आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. चाचणीपूर्व सूचनेच्या कराराने अपघात टळला नसता. त्यासाठी वेगळं कलम लागेल : असं काही सुटलं तर किती मिनिटांत, कोणी, कोणाला सांगायचं. ते कलम आज कागदावर नाही. ते लिहून घेण्यासाठी दोन्ही देशांची मैत्री व्हायची वाट पाहावी लागत नाही; १९८८ मध्येही ती नव्हतीच.